स्कायलाइन जीटी-आर घ्यायचं स्वप्न आहे? मग आधी गाडी नाही, तिचा इतिहास तपासा!

मे २०२३ मध्ये एका निळ्या निसान स्कायलाइनचा ऑनलाइन लिलाव झाला. किंमत मिळाली १३ लाख ५७ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ११ कोटी रुपये. गाडी होती २००९ च्या 'फास्ट अँड फ्युरियस' चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली आर३४ जीटी-आर.

हा आकडा चित्रपटातल्या गाडीचा होता, हे खरं. पण जपानी स्पोर्ट्स कारचं वेड काही लिलावांपुरतं उरलेलं नाही. इन्स्टाग्राम उघडलं की दर चौथ्या रीलमध्ये एखादी स्कायलाइन, सुप्रा नाहीतर आरएक्स-७ धूर सोडत जाताना दिसते. खाली कमेंट ठरलेली, "भावा, सेकंड हँड कितीला मिळेल?"

खरं तर पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. पंचवीस-तीस वर्षं जुनी, तीन-चार मालकांच्या हाताखालून गेलेली, भरपूर 'मॉडिफाय' केली गेलेली ही गाडी घेताना माणूस नेमकं काय विकत घेत असतो, हा पहिला प्रश्न. इंजिन नवं बांधता येतं, टर्बो बदलता येतो. पण सांगाडा गंजलेला असेल किंवा कागद खोटे असतील, तर पैसे ओतूनही गाडी पूर्ववत होत नाही.

निसान स्कायलाइन जीटी-आर हेच उदाहरण घेऊन जुनी जपानी स्पोर्ट्स कार कशी तपासतात आणि ती भारतात आणता येते का, ते पाहू.

जीटी-आर म्हणजे नेमकी कोणती गाडी?

स्कायलाइन हे नाव मूळचं निसानचं नाही. प्रिन्स नावाच्या जपानी कंपनीने १९५७ मध्ये ही गाडी आणली. १९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली आणि १९६९ मध्ये पहिली स्कायलाइन जीटी-आर आली. १९७३ च्या दुसऱ्या पिढीच्या तर २०० गाड्याही बनल्या नाहीत. त्यानंतर तब्बल सोळा वर्षं जीटी-आर हे नाव बंद होतं.

ऑगस्ट १९८९ मध्ये आर३२ आली आणि चित्र पालटलं. २.६ लिटरचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बो असलेलं आरबी२६ इंजिन आणि त्याच्या जोडीला संगणकावर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह यंत्रणा. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार मोसमांत या गाडीने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ अशी दोन वर्षं ओळीने बाथर्स्टची शर्यतही मारली. 'गॉडझिला' हे टोपणनाव तिला दिलं तेही ऑस्ट्रेलियातल्या एका मासिकाने.

आर३२ नंतर १९९५ मध्ये आर३३ आणि १९९९ मध्ये आर३४ आली. २००२ मध्ये आर३४ चं उत्पादन थांबलं. आर३२ च्या सुमारे ४४ हजार, आर३३ च्या साडेसोळा हजारांच्या आसपास आणि आर३४ च्या फक्त साडेअकरा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. आर३४ सगळ्यात महाग असण्याचं एक कारण याच आकड्यांत आहे.

२८० चा आकडा आणि त्यामागची गंमत

त्या काळात जपानी कंपन्यांमध्ये एक अलिखित समजूत होती. रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीची ताकद २८० पीएसच्या वर दाखवायची नाही. त्यामुळे जीटी-आर असो, सुप्रा असो की होंडा एनएसएक्स, कागदावर सगळ्यांचा आकडा तोच. २००४ मध्ये ही मर्यादा संपली.

आरबी२६ इंजिन मात्र शर्यतीसाठी घडवलेलं होतं आणि त्याच्या पोटात याहून कितीतरी जास्त दम होता. मालकांना हे माहीत होतं. टर्बोचा दाब वाढव, एक्झॉस्ट बदल, संगणकाची चिप बदल, असे प्रकार पहिल्या दिवसापासून सुरू झाले. काहींनी हे काम निष्णात कारागिरांकडून करून घेतलं, काहींनी घरामागच्या शेडमध्ये उरकलं.

म्हणून जुनी जीटी-आर इतर सेकंड हँड गाड्यांसारखी नाही. दहा वर्षं जुनी सिटी किंवा स्विफ्ट घेताना मागच्या मालकाने ती साधारण कशी चालवली असेल, याचा अंदाज बांधता येतो. जीटी-आरच्या बाबतीत तो बांधता येत नाही. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांमध्ये एक देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपलेली असते, तर दुसरी दर रविवारी ट्रॅकवर पिळून काढलेली.

पहिली तपासणी : ही जीटी-आर तरी आहे का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण सुरुवात इथूनच करावी लागते. स्कायलाइन ही साधी, घरगुती वापराचीसुद्धा गाडी होती. जीटी-आर हा तिचा सगळ्यात वरचा प्रकार. साध्या स्कायलाइनला जीटी-आरचा बंपर, बोनेट, मागचा पंख आणि बिल्ला लावला की फोटोत फरक ओळखणं अवघड जातं.

फरक कळतो चेसिस नंबरवरून. खऱ्या आर३२ जीटी-आरचा नंबर बीएनआर३२ या अक्षरांनी सुरू होतो, आर३३ चा बीसीएनआर३३ ने आणि आर३४ चा बीएनआर३४ ने. एचसीआर३२ किंवा ईआर३४ अशी सुरुवात दिसली, तर ती साधी स्कायलाइन. ती वाईट गाडी नव्हे, पण तिची किंमत जीटी-आरची नसते.

नंबर दोन ठिकाणी पाहायचा. इंजिनच्या कप्प्यात मागच्या पत्र्यावर ठोकलेला आणि तिथल्याच माहितीच्या पट्टीवर छापलेला. दोन्ही जुळले पाहिजेत आणि कागदांवरही तोच हवा. ठोकलेल्या अक्षरांभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

याच पट्टीवर रंगाचा कोडही असतो. आर३४ च्या प्रसिद्ध 'बेसाइड ब्लू' रंगाचा कोड टीव्ही२ आहे. 'मिडनाइट पर्पल' रंगाच्या दुसऱ्या आवृत्तीचा एलव्ही४. गाडी निळीशार आहे आणि पट्टीवर दुसराच कोड आहे, म्हणजे ती नंतर रंगवलेली आहे. रंगवणं हा गुन्हा नाही. फक्त विकणाऱ्याने ते आपणहून सांगितलं का, हे महत्त्वाचं. जो रंगाबद्दल गप्प बसतो, तो आणखी कशाकशाबद्दल गप्प असेल?

लिलावाचा कागद कसा वाचायचा?

जपानमधल्या बहुतेक जुन्या गाड्या लिलावातून हात बदलतात. तिथे बोली फक्त नोंदणीकृत सदस्य लावू शकतात, त्यामुळे परदेशातला ग्राहक एजंटामार्फत गाडी घेतो. लिलावात येणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत एक पानाचा तपासणी अहवाल असतो. तो विकणारा लिहीत नाही, लिलावघराचा तपासनीस लिहितो. त्याचं मोल आहे ते यामुळेच.

या कागदावर सगळ्यात मोठा असतो गाडीचा दर्जा. एस किंवा ६ म्हणजे जवळपास नवी. ५ आणि ४.५ म्हणजे फार चांगली. ४ म्हणजे चांगली, ३.५ म्हणजे बरी, ३ म्हणजे काम काढणारी. आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती झालेली. आतल्या भागाला ए, बी, सी, डी अशी वेगळी अक्षरं दिलेली असतात. पंचवीस वर्षांच्या गाडीला ४ मिळाले असतील, तर ती जपलेली आहे असं मानतात.

दर्जाच्या बाजूला गाडीचं रेखाचित्र आणि त्यावर खुणा असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्यावर राहिलेली लहर, एस म्हणजे गंज. एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललेला आहे. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितका दोष मोठा.

इथे दोन गैरसमज हमखास होतात.

पहिला, 'अपघात नाही' या शेऱ्याचा. जपानमध्ये दुरुस्तीचा इतिहास म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती. खांब, फ्लोअर, चेसिसचे दांडे यांना मार बसला असेल तरच तो शेरा पडतो. बोल्टने लावलेलं बोनेट, दरवाजा किंवा पुढचं मडगार्ड बदललं असेल तर तो अपघात धरत नाहीत. म्हणजे 'अपघात नाही' याचा अर्थ गाडी कधी ठोकलीच नाही असा होत नाही.

दुसरा, दर्जा म्हणजे इंजिनची हमी, असा समज. तपासनीस गाडी बाहेरून-आतून पाहतो, पण इंजिन उघडत नाही आणि कॉम्प्रेशनही मोजत नाही. ४.५ दर्जाच्या गाडीचं इंजिनही आजारी असू शकतं.

आणखी एक. या कागदाची नक्कल करणं, त्यातला आकडा बदलणं सोपं आहे. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो हा पुरावा होत नाही. चेसिस नंबरवरून मूळ अहवाल काढून देणाऱ्या सेवा आहेत. हजारो डॉलरच्या व्यवहारात तेवढा खर्च करायला हरकत नसावी.

किलोमीटरचा खेळ

जपानमध्ये लोक रेल्वेने फिरतात, त्यामुळे कमी चाललेल्या गाड्या मिळतात हे खरं आहे. पण जीटी-आरच्या मीटरचं एक वेगळंच दुखणं आहे. मूळ स्पीडोमीटर १८० किलोमीटरपर्यंतच होता. हौशी मालक तो काढून निसानच्याच निस्मो विभागाचा जास्त आकड्यांचा मीटर बसवत. नव्या मीटरवर मोजणी शून्यापासून सुरू होते. फसवणुकीचा हेतू नसतानाही ९० हजार चाललेली गाडी २० हजार दाखवू शकते.

म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नाही. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. खासगी गाडीला नवी असताना तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ती करावी लागते. त्या पावत्या, सर्व्हिसच्या नोंदी, टायमिंग बेल्ट बदलल्याचा स्टिकर यांवरचे आकडे तारखेप्रमाणे लावले की चढता क्रम दिसायला हवा. मध्येच आकडा खाली आला असेल, तर मालकाकडे त्याचं सरळ उत्तर हवं.

खरा शत्रू : गंज

इंजिनबद्दल सगळे बोलतात, गंजाबद्दल फार कमी. जीटी-आरला शेवटी संपवतो तो मात्र गंजच.

जपानच्या उत्तरेकडे, होक्काइदो आणि तोहोकू भागात, हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. समुद्रकाठच्या गावांत खारी हवा असते. कोकणात किंवा मुंबईत गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. बोनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनचे वरचे बुरूज, म्हणजे स्ट्रट टॉवर. आर३३ आणि आर३४ मध्ये तिथल्या पत्र्यांच्या थरांमध्ये पाणी साचून गंज धरतो आणि रंगाखाली फुगवटे येतात. मग डिकीतलं कार्पेट उचलून फ्लोअर. मागच्या चाकांच्या कमानी. आणि खाली जॅक लावायच्या जागा, ज्या बहुतेक गाड्यांमध्ये दबलेल्या असतात आणि तिथूनच गंज आत शिरतो.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय यातलं निम्मंही दिसत नाही. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर सावध राहायचं. ते संरक्षणासाठी असू शकतं, तसंच झाकण्यासाठीही. लहानसा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवला की जिथे पुट्टी भरली आहे तिथे तो धरत नाही. ही युक्ती जुनी आहे, पण आजही उपयोगी पडते.

इंजिन : थंड असतानाच भेटा

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगायचं, "इंजिन चालू करून ठेवू नका." गरम इंजिन खूप काही लपवतं. थंड इंजिन चालू होताना येणारा आवाज आणि धूर खरं बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सतत येणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळण्याची शक्यता. काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जातंय.

आरबी२६ दणकट आहे, पण त्याच्या काही उघड दुखऱ्या नसा आहेत.

ऑइल पंप : सुरुवातीच्या आर३२ मध्ये क्रँकशाफ्टचा ऑइल पंप फिरवणारा भाग आखूड होता. इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर पळवलं की पंपाचा गिअर फुटतो, ऑइल बंद होतं आणि इंजिन जातं. नंतरच्या इंजिनांत हा भाग लांब केला गेला. जुन्या इंजिनवर हे काम झालं आहे का आणि त्याची पावती आहे का, हे विचारायचं.

टर्बो : कंपनीच्या टर्बोमधलं एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं असतं. ते हलकं म्हणून चपळ, पण दाब वाढवला की फुटू शकतं. गाडीवर कंपनीचेच टर्बो आहेत आणि दाब मात्र वाढवलेला आहे, ही जोडी धोक्याची.

टायमिंग बेल्ट : दर एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. पुरावा नसेल, तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा.

कॉम्प्रेशन टेस्ट : सहाही सिलिंडरचा दाब मोजायचा. आकडा किती यापेक्षा सहांमध्ये फरक किती, हे जास्त बोलकं असतं. पाच सारखे आणि एक बराच खाली असेल, तर इंजिन उघडायची वेळ आली आहे. ही चाचणी करू द्यायला विकणारा तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

चारही चाकांचं गणित

जीटी-आरची अटेसा ही फोर व्हील ड्राइव्ह यंत्रणा एरवी ताकद मागच्या चाकांना देते. ती चाकं घसरू लागली की निम्म्यापर्यंत ताकद पुढे पाठवते. हे ती करते चाकांच्या वेगातला फरक मोजून. त्यामुळे चारही टायर सारख्या मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढे एका कंपनीचे नवे आणि मागे दुसरीचे गुळगुळीत टायर असतील, तर मालकाला गाडी कळलेली नाही हे ओळखावं.

इग्निशन सुरू केल्यावर डॅशबोर्डवर फोर व्हील ड्राइव्हचा आणि हायकासचा, म्हणजे मागची चाकं किंचित वळवणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बिघाड. अजिबात लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढला असण्याची शक्यता. बरेच मालक हायकास काढून टाकतात. ते चालतं, फक्त काम नीट झालेलं हवं.

आर३२ आणि आर३३ ला पाच गिअर आहेत, आर३४ ला गेट्राग कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स. वेगात गिअर टाकताना खरखर आली, तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत.

मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी की नाही?

पूर्ण कंपनी फिटिंगची जीटी-आर आज दुर्मीळ आहे आणि म्हणूनच महाग. पण मॉडिफाय केलेली म्हणजे वाईट असं नाही. चांगला रेडिएटर, नवे ब्रेक, धातूच्या चाकाचे टर्बो हे बदल गाडीचं आयुष्य वाढवतात.

फरक पावत्यांमध्ये असतो. काम कुणी केलं, कधी केलं, कोणते सुटे भाग वापरले, याची फाइल असेल तर ती गाडीइतकीच मोलाची. "इंजिन पूर्ण नवं बांधलंय" असं सांगून एकही पावती दाखवता न येणाऱ्या मालकाचं इंजिन जुनंच समजायचं. काढलेले मूळ भाग सोबत मिळत असतील तर दुधात साखर.

सुट्या भागांचा प्रश्न काहीसा सुटला आहे. निसानने डिसेंबर २०१७ पासून निस्मो हेरिटेज या योजनेत आर३२ चे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले आणि पुढे आर३३, आर३४ चाही समावेश केला. भाग मिळतात, पण स्वस्त नाहीत. म्हणून जाणकार सगळे पैसे गाडीतच घालत नाहीत. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करतात.

किंमत एवढी का चढली?

याचं मोठं कारण अमेरिकेतला एक कायदा. तिथल्या सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की आणता येते. त्यामुळे १९८९ ची आर३२ अमेरिकेला २०१४ मध्ये खुली झाली आणि १९९९ ची आर३४ जानेवारी २०२४ पासून. मोजणी गाडी बनली त्या महिन्यापासून होते. एकेकाळी जपानमध्ये किरकोळ भावात मिळणारी आर३२ अमेरिकी ग्राहक बाजारात उतरताच महागली. आर३४ ची चांगली गाडी आता लाख डॉलरच्या पुढे जाते. कॅनडात हीच अट पंधरा वर्षांची आहे.

म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला स्थानिक नियम पाळून जीटी-आर घेता येते. प्रश्न उरतो तो पुण्या-मुंबईतल्या चाहत्याचा.

भारतात आणता येईल का?

थोडक्यात उत्तर : सर्वसाधारण मार्गाने नाही.

भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजवीकडे हवं, ते जपानी गाडीत असतंच. गाडी फक्त मुंबई बंदरातून यावी लागते आणि इथे आल्यावर पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थेकडून तिची तपासणी व्हावी लागते. आर३४ चं उत्पादन २००२ मध्येच थांबलं. ती तीन वर्षांच्या अटीत बसणं शक्यच नाही. शिवाय बसणाऱ्या गाडीवरचे सगळे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात, ते वेगळंच.

मग भारतात कधीमधी दिसणाऱ्या जुन्या परदेशी गाड्या येतात कुठून? काही कायदेशीर मार्गाने फार पूर्वी आल्या. काही 'कार्ने' नावाच्या परवान्यावर प्रदर्शन किंवा प्रवासासाठी ठरावीक मुदतीकरता येतात. त्या परत न्याव्या लागतात, विकता येत नाहीत. आणि काही सरळसरळ चोरवाटेने येतात. २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये 'नुमखोर' नावाची मोहीम राबवली, ती भूतानमार्गे बेकायदा आल्याचा संशय असलेल्या गाड्यांसाठीच. अशी गाडी सापडली की ती जप्त होऊ शकते, मग आताच्या मालकाने ती भोळेपणाने का घेतलेली असेना.

म्हणून इंटरनेटवर "इंडियात रजिस्टर झालेली स्कायलाइन, अर्जंट विकणे" अशी जाहिरात दिसली, तर पहिली मागणी 'बिल ऑफ एंट्री'ची करायची, म्हणजे सीमाशुल्क भरल्याच्या कागदाची. त्यावरचा चेसिस नंबर, आरसीवरचा आणि गाडीवरचा असे तिन्ही जुळले पाहिजेत. आरसीवर भलत्याच कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असेल, तर ती गाडी फुकटातही महाग.

मग भारतातल्या चाहत्याने काय करावं?

भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या जपानी वेगवान गाड्या थोड्या आहेत, पण आहेत. निसान ३७०झेड, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन टेन आणि डिसेंबर २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाख रुपयांना आलेली निसान जीटी-आर आर३५. या आर३५ चं उत्पादन ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमध्येही थांबलं.

यांना वरचेच नियम लागू होतात, शिवाय चार भारतीय गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१० ची इव्हो आता त्याच टप्प्यावर आहे.

दुसरी, राज्य. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवली, तर इथे नवा नंबर आणि इथला कर. एनओसी मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

तिसरी, मॉडिफिकेशन. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. न कळवलेल्या बदलांमुळे विम्याचा दावाही अडकू शकतो.

चौथी, सुटे भाग. मित्सुबिशी भारतात आता नव्या गाड्या विकत नाही. इव्होच्या मागच्या चाकाजवळचा एवायसी पंप गंजतो आणि तिचा ट्विन क्लच गिअरबॉक्स दुरुस्तीला महाग आहे. गाडी घेण्याआधी ती दुरुस्त करणारा कारागीर आपल्या शहरात आहे का, हे शोधावं.

शेवटी एकच कसोटी

जुनी जपानी स्पोर्ट्स कार पाहायला गेलेला माणूस बहुतेकदा आवाज ऐकूनच अर्धा विकला गेलेला असतो. विकणाऱ्यालाही ते कळतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी चेसिस नंबर, मग कागद, मग लिफ्टवर गंज, मग थंड इंजिन आणि सगळ्यात शेवटी टेस्ट ड्राइव्ह. सोबत एक असा मित्र न्यावा, ज्याला त्या गाडीचं अजिबात वेड नाही.

या क्रमात जी गाडी टिकते, ती कदाचित सगळ्यात चकचकीत नसेल. मीटरवर किलोमीटर जास्त असतील, रंग थोडा उडालेला असेल. पण तिच्या पोटात काय आहे हे मालकाला माहीत असेल. जी गाडी टिकत नाही, ती सोडून परत येणं जिवावर येतं. पण न घेतलेल्या गाडीचं दुःख महिनाभर राहतं आणि चुकीच्या गाडीचे हप्ते पाच वर्षं!